माहेरच्या कुलमंडळाची सभासद झाले त्याची गोष्ट

मागे आमच्या चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फॉरवर्ड केला होता, आमच्या आडनावाच्या कुलमंडळाचा. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढतोय, आपापल्या घराची माहिती पाठवा, सभासद व्हा, आता फॉर्म, वर्गणी, कार्यक्रम सगळं ऑनलाइन आहे, असा. आमच्याकडच्या सगळ्यांनी खाली अंगठे टाकले, एकाने "छान उपक्रम" लिहिलं, आणि विषय तिथेच संपला. मला मात्र ते डोक्यात राहिलं कारण बाबांच्या कपाटात कुलवृत्तांताची जुनी आवृत्ती होती, जाडजूड, पुठ्ठा निघालेली, आणि लहानपणी मी त्यात आमचं पान शोधून काढायचे. म्हटलं चला, भाऊ करणार नाहीत, आपण करू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुलमंडळ म्हणजे एका आडनावाच्या (खरं तर एका कुळाच्या, पण त्यावर पुढे येते) लोकांनी काढलेली संस्था. वंशावळ गोळा करायची, कुलवृत्तांत छापायचा, वर्षाकाठी एक संमेलन, मुलांना बक्षिसं, जेवण, की झालं. आपल्याकडे अशी मंडळं पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी पन्नाशीच्या आतलं कुणी फिरकत नव्हतं, करोनात सगळे झूमवर आले आणि परदेशातली, दूरच्या गावातली माणसं अचानक दिसायला लागली, ती मग तशीच राहिली.

तर फॉर्म. गूगल फॉर्मच होता. पहिल्याच पानावर आडनाव आधीच भरलेलं, बदलता येत नाही. माझं आता सासरचं आडनाव, बँकेत तेच, आधारवर तेच. बरं म्हटलं, पुढे जाऊ. पुढे प्रश्न, आपण कुलोत्पन्न की स्नुषा? मी कुलोत्पन्न दाबलं. तर पुढच्या पानावर "पत्नीचे संपूर्ण नाव", लाल फुली, भरल्याशिवाय सोडतच नाही. मागे येऊन स्नुषा दाबून बघितलं तर "पतीचा पिढी क्रमांक". म्हणजे फॉर्मच्या मते मी एकतर लग्न झालेला मुलगा होते नाहीतर सून, तिसरं काही असू शकतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

चिटणीसांना फोन लावला. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, एकदम गोड. "अहो ताई, तुम्ही तर हक्काने व्हा सभासद, घटनेत आहे आपल्या, मुलगा, मुलगी, सून तिघांनाही सभासद होता येतं. फॉर्म माझ्या नातवाने केलाय, त्याला सांगतो, तोवर तुम्ही त्या जागी एक रेघ मारा." मी रेघ मारली, वर्गणी यूपीआयने भरली, संध्याकाळी पावती आली ती 'श्री.' लावून! हसले खूप, पण लक्षात आलं की माझ्याआधी माहेरवाशीण म्हणून स्वतःहून फॉर्म भरणारी कुणी फारशी नसणार, नाहीतर हे कुणीतरी आधीच सांगितलं असतं.

वर्गणीचं थोडक्यात. वार्षिक, आजीव आणि आश्रयदाते असे तीन प्रकार, मी आजीव घेतली कारण दरवर्षी लक्षात राहणार नाही. पण पैसे भरायच्या आधी एक विचारा, मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे का. बरीच मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असतात, म्हणजे हिशोब तपासून घ्यावे लागतात, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि तुम्हाला प्रश्न विचारता येतो. काही नुसते व्हॉट्सॲप ग्रुप असतात आणि पैसे कुणाच्या तरी खात्यात जातात, तिथे आपलं आपण ठरवा.

वर्गणी भरली की लगेच वंशावळ हातात मिळते असा समज असेल तर सोडून द्या. आधी तुम्हालाच सिद्ध करायचं असतं की तुम्ही कुठल्या शाखेतले. जुन्या आवृत्तीतलं पान, घराणं क्रमांक, पिढी, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, आणि ओळखणारे दोन सभासद. नुसतं आडनाव सारखं असून चालत नाही. गावावरून पडलेली 'कर' वाली आडनावं एकाच गावातून निघालेल्या चार वेगळ्या कुळांना असू शकतात, आणि कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही तर कामावरून पडलेली, त्यांच्यात एकमेकांशी काही संबंध नसलेली शेकडो घराणी. त्यात जुन्या कागदांत बरेचदा आडनाव नसतंच. अमुक बिन तमुक, अमुक वलद तमुक (म्हणजे तमुकचा मुलगा), बाई असेल तर अमुक कोम तमुक किंवा भ्रतार तमुक (म्हणजे तमुकची बायको). आडनावाने शोधायला गेलात की हात हलवत परत.

माझं पान सापडलं. आजोबांच्या नोंदीत शिक्षण, नोकरी, कुठे कुठे बदली झाली, देवीच्या देवळाला दिलेली देणगी, सगळं. त्यांच्या मुलांची नावं, जन्मसालं, शिक्षण. आणि शेवटी एक ओळ, "कन्या ३, विवाहित". संपलं. माझ्या तीन आत्या, त्यातल्या एकीने मला वाचायला शिकवलं, ती त्या पुस्तकात एक तृतीयांश आकडा होती. लहानपणी इतक्यांदा ते पान उघडलं पण ही ओळ कधी टोचली नव्हती, तेव्हा टोचली.

असो. कार्यक्रमांकडे येते, कारण वर्गणी वसूल झाली ती तिथे.

रविवारी संध्याकाळी उशिरा झूम असतं, अमेरिकेतल्या लोकांची तेव्हा सकाळ असते म्हणून. म्यूट-अनम्यूटचा गोंधळ, कुणाच्या तरी घरात मालिका चालू, हे सगळं आहेच, ते सांगत बसत नाही. विषय फिरते असतात. मोडीचे वर्ग सगळ्यांत गर्दीचे. मला वाटायचं मोडी म्हणजे इतिहास संशोधकांचं काम, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात नाहीतर पेशवे दफ्तरात बसून करायचं. पण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोक घरात, दुकानात मोडीतच लिहीत होते, तुमच्या आजोबांची सही बघा आधी. खरंच, आमच्या जुन्या गहाणखतावर आजोबांची सही मोडीत होती, आम्ही इतकी वर्षं ती नुसती गिचमीड समजत होतो.

मोडीत आधी आडवी शिरोरेषा पानभर ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, त्यामुळे अक्षर वाचता आलं तरी कुठला शब्द कुठे संपला हे अंदाजाने. आणि तारखा! एकदा स्क्रीनवर कुणाच्या तरी घरचा कागद लावला होता, त्यावर "सुहूर सन समान सबैन मया व अलफ". बाईंनी सगळ्यांना विचारलं काय आहे हे, सगळे गप्प. सुहूर हा जुन्या मराठी कागदांतला एक सन, आकडे अरबी शब्दांत, समान आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७८. हा सन मृगापासून मृगापर्यंत चालतो, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७७, मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर, आणि जानेवारीनंतरचा असेल तर ६०० मिळवायचे. शके असेल तर ७८ मिळवा (जानेवारीनंतर, म्हणजे पौषाच्या शेवटापासून फाल्गुनापर्यंत असाल तर ७९), फसली (महसुलाचा सन) असेल तर ५९० च्या आसपास. एका कागदावर तीन तीन सन असतात आणि तिन्ही जुळवून बघायचे. हे कळल्यावर मला जी मजा आली ती शब्दकोड्यात पण येत नाही.

पण माझ्यासाठी सगळ्यांत कामाचं निघालं ते जमिनीच्या कागदांचं सत्र. कंटाळवाणं असेल म्हणून मी भाजी निवडत ऐकत होते. बोलणारे निवृत्त तलाठी. ते म्हणाले, वंशावळ पाहिजे ना, मग सातबारा बघू नका, फेरफार बघा, म्हणजे जमिनीवरची नावं बदलली की होते ती नोंद. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही, आणि सहा-क म्हणजे वारसांची. माणूस वारला की वारस लावायला कुणीतरी तलाठ्याकडे जातंच, आणि मग तिथे बायको, मुलगे, मुली, वयं, गावं अशी यादी लिहिली जाते. म्हणजे सरकारने फुकटात करून ठेवलेली वंशावळच. सरकारच्या 'आपले अभिलेख' या साइटवर यातले पुष्कळ जुने कागद स्कॅन करून ठेवलेत, मोबाईल नंबर टाकून लॉगिन करायचं, जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार. सगळीकडचं सारखं मिळत नाही, पानं फाटकी असतात, पण मिळतं.

मग त्यांनी दोन फेरफार शेजारी शेजारी लावले. एक १९५६ च्या आधीचा, त्यात फक्त मुलगे. दुसरा नंतरचा, आणि त्यात मुलगे तर होतेच, शिवाय प्रत्येक मुलीचं नाव, लग्नानंतरचं पूर्ण नाव, सासरचं गाव. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाच्या हिश्श्याची वारस झाली, म्हणून तिचं नाव लावणं भाग झालं. पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, मग तर नावं टाळताच येईनात. आणि लगेच पुढचा फेरफार बहुतेक हक्कसोडीचा. सगळ्या बहिणी, ओळीने, नावानिशी, गावानिशी, भावांच्या नावे हक्क सोडतायत. तलाठी काका सहज म्हणून गेले, "मुलींची नावं सापडायची म्हणजे हक्कसोडपत्रं शोधायची." त्यांच्या आवाजात काही विशेष नव्हतं, पण माझी भाजी तशीच राहिली. आमच्या घरातल्या मुली कुलवृत्तांतात नाहीत, आणि सरकारी कागदात आहेत त्या हक्क सोडायला म्हणून.

त्या रात्री मी आमच्या गावचे फेरफार काढत बसले आणि आजोबांच्या बहिणी सापडल्या. पुस्तकात त्याही "कन्या" होत्या, फेरफारात त्यांची नावं आणि गावं होती. चौघी. त्यातल्या एकीबद्दल घरात कुणालाच काही माहीत नव्हतं.

मी हे शाखाप्रमुखांना कळवलं, तर त्यांनी काय करावं, आमच्या शाखेतल्या सगळ्या माहेरवाशिणींची यादी करायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. एक्सेल शीट पाठवली. तीत पण 'सासरचे नाव' असा एकच रकाना, मी तीन केले, माहेरचं नाव, सासरचं नाव, घरात हाक मारायचे ते नाव. कारण खरा घोळ तिथे आहे. लग्नात नाव बदलायचे, म्हणजे एका बाईची दोन नावं, आणि घरात तिला तिसरंच. माई, अक्का, जिजी, वहिनी, काकी. पणजीला अख्खं घर माई म्हणायचं, तिची मुलंसुद्धा, तिचं खरं नाव काय हे विचारल्यावर फोनवर एकदम शांतता. मोठ्या आत्याला फोन केला, ती आता पंच्याऐंशीच्या पुढे. "अगं माईचं नाव माईच." मी म्हटलं आत्या, माहेरी काय म्हणत असतील? "माहेरी कोण गेलंय तिच्या? थांब, घंगाळावर आहे बघ." आणि खरंच तिच्याकडे माळ्यावर एक तांब्याचं घंगाळ होतं, तिच्या नातसुनेने फोटो काढून पाठवला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, माईंच्या वडिलांचं नाव, माईंचं माहेरचं नाव, आणि शके. लग्नात दिलेलं.

मी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. लोकांनी माळे उतरवले. पुढच्या झूमला "घरातली भांडी" असा विषयच ठेवला, आणि एकेक जण कॅमेऱ्यासमोर पितळी डबे, परात, पाण्याचा हंडा, पूजेचं तबक फिरवत होता. कुणी खडू चोळून अक्षरं उठवली, कुणी मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, तिरका उजेड सगळ्यांत चांगला, हे लक्षात ठेवा. बरीच नावं पुरुषांचीच, ते आहेच, पण लग्नातल्या आणि मंगळागौरीतल्या भांड्यांवर बायकांची नावं सापडतात. एका संध्याकाळी जितकी नावं मिळाली तितकी समितीला पत्रं पाठवून कधी मिळाली नव्हती, असं चिटणीस स्वतः म्हणाले.

बाकी साधनंही सत्रांमधून कळली. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला, इतर क्षेत्री उपाध्यायांकडे वह्या असतात, मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घरचं कोण कधी येऊन गेलं ते निघतं, सह्यांसकट. हरिद्वारच्या पंड्यांच्या बऱ्याच वह्यांची मायक्रोफिल्म झालीय आणि फॅमिलीसर्च नावाच्या साइटवर फुकट बघता येतात. तिथेही नावं सहसा पुरुषांचीच. शाळेचं जनरल रजिस्टर मात्र चांगलं, मुलगी शाळेत गेली असेल तर तिथे तिचं माहेरचं नाव आणि जन्मतारीख असते (तारीख शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली असू शकते). आणि गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्मनोंदींना बाळाचं नाव बरेचदा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे मुलगा किंवा मुलगी, एवढंच.

आता कटकटी. ग्रुपवर रोजचे सुप्रभात, त्याला इलाज नाही, म्यूट करा. रेकॉर्डिंगच्या लिंका फक्त सभासदांना आणि त्याही काही दिवसांत बंद पडतात, विचारलं तर "ड्राइव्ह भरली" म्हणतात. वधू-वर विभाग हा मंडळाचा सगळ्यांत जिवंत विभाग आहे आणि तिथे काय लिहितात ते वाचलं की कुळ, गोत्र, जात यातून आपण किती बाहेर पडलोय ते कळतं, म्हणजे नाही पडलोय. एक व्याख्यान आमचे मूळ पुरुष किती शूर होते यावर होतं, तासभर, पुरावा एकही नाही. मी विचारलं कागद कुठला, तर वक्ते म्हणाले परंपरेने चालत आलंय. मोडीच्या बाईंनी तेव्हा चॅटमध्ये नुसता एक प्रश्नचिन्ह टाकला, मला त्या फार आवडतात.

आणि खाजगीपणाचा मुद्दा. जुन्या आवृत्तीत पत्ते, फोन, जन्मतारखा सगळं छापलेलं. आता तसंच ऑनलाइन टाकायचं म्हणाले तर आम्ही काही जणींनी विरोध केला. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख एवढ्यावर अजूनही कुठे कुठे खात्याची ओळख पटवतात, आणि आपण ते सगळ्या जगाला वाटायचं? शिवाय वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा आहे. वाद झाला बराच. ठरलं ते असं की हयात माणसांची फक्त नावं, तारखा नाहीत, आणि ज्याला नाव नको त्याने कळवायचं. घटस्फोट, दुसरं लग्न, दत्तक, हे ज्याचं त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. दत्तकाचं जुन्या पिढ्यांत मात्र लिहावंच लागतं, नाहीतर एका शाखेतून मुलगा गायब आणि दुसरीकडे आकाशातून पडल्यासारखा हजर.

सभासद होणाऱ्यांनी अजून एक विचारून घ्या, तुमची माहिती तुम्हाला परत फाइलमध्ये मिळेल का. आमच्याकडे आधी सगळं एका काकांच्या लॅपटॉपवर होतं. आता एका मुलाने ते ग्रॅम्प्स नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चढवलंय, त्यातून जेडकॉम फाइल निघते, १९८४ पासून चालत आलेला प्रकार, वंशावळीचं जवळपास कुठलंही सॉफ्टवेअर ती उघडतं. एका बाईला दोन-तीन नावं देता येतात त्यात, मी आधी तेच तपासलं.

वार्षिक सभा परवा झाली, झूमवरच. नव्या आवृत्तीत मुलींच्या नोंदी मुलांसारख्याच, पूर्ण, असा ठराव मांडला. एक आजोबा म्हणाले पानं वाढतील, खर्च वाढेल. खजिनदार काकू म्हणाल्या पानांचा खर्च माहेरवाशिणी देतील, वर्गणी भरतायत की आता. ठराव झाला. मुलींच्या मुलांची नावं घ्यायची की नाही यावर मात्र एकमत झालं नाही, मुलीपर्यंतच थांबायचं असं तूर्तास ठरलंय, ते मला पटलेलं नाही आणि तसं मी इतिवृत्तात लिहायला लावलंय. माहिती पाठवायची मुदत वाढवलीय, फॉर्ममधला पत्नीचा रकाना गेलाय, आणि पुढच्या रविवारी वारस फेरफार कसा शोधायचा हे दाखवायचं काम माझ्याकडे आलंय, त्यासाठी चौथ्या आजीचं, म्हणजे आजोबांच्या चौथ्या बहिणीचं, गाव शोधतेय, फेरफारात शाई पसरलीय नेमकी तिथेच, पहिलं अक्षर 'म' दिसतंय आणि शेवटी 'गाव'.